घातांकाची मोजदाद

इयत्ता सातवीच्या सुमारास विद्यार्थ्याच्या वहीत एका संख्येच्या उजव्या खांद्यावर दुसरी एक लहानशी संख्या प्रथमच येऊन बसते, आणि तिच्याशी होणारा त्याचा पहिला परिचय जर व्याख्या व नियम यांच्या घाईगर्दीत उरकला गेला, तर पुढे बीजगणितात, चक्रवाढ व्याजात आणि विज्ञानातील मोठमोठ्या राशींत ती पुनःपुन्हा भेटत असूनही त्याला परकीच राहते. दोनाचा पाचवा घात किती, असे विचारताच चांगला हुशार मुलगाही क्षणाचा विलंब न लावता ‘दहा’ असे उत्तर देतो. या उत्तरामागे त्याच्यापुरता एक सरळ तर्क असतो. आजवर दोन संख्या एका चिन्हात गुंफलेल्या दिसल्या की त्यांच्यात परस्पर काहीतरी व्यवहार करावयाचा, बेरीज किंवा गुणाकार, हीच सवय त्याला प्राथमिक शाळेने लावलेली असते. त्यामुळे खालची दोन आणि वरची पाच या दोन्ही संख्या त्याला एकाच दर्जाच्या वाटतात. वस्तुतः त्या तशा नाहीत. खालची संख्या हा गुणाकाराचा माल आहे, वरची संख्या ही त्या मालाची मोजदाद आहे, आणि ज्या विद्यार्थ्याच्या मनात हा भेद एकदा पक्का ठसला त्याला घातांकाचा एकही नियम घोकण्याचे कारण उरत नाही, असे माझे निश्चित मत आहे. हा भेद कसा ठसवावा, याविषयी शिक्षकांच्या आणि घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांच्या उपयोगी पडेल असे काही येथे सविस्तर सांगावयाचे योजिले आहे.

पहिली सूचना अशी की, चिन्ह आधी देऊ नये. प्रथम दोन-तीन दिवस विद्यार्थ्याकडून गुणाकाराच्या साखळ्या पूर्ण लिहून घ्याव्यात: दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले तीन, दहा गुणिले दहा, असे सात वेळा. लिहिता लिहिता हात दुखू लागला, एखादा दोन निसटू लागला, साखळीत नेमके किती दोन आहेत हे बोट ठेवून मोजावे लागू लागले, की मग त्याला सांगावे, हे मोजलेस ना, तो आकडाच वर लिहून टाक. खाली जी संख्या पुनःपुन्हा येते ती ‘पाया’, आणि ती किती वेळा येते हे सांगणारा आकडा ‘घातांक’. संक्षेपाची गरज अंगाने अनुभवल्यावर मिळालेले चिन्ह मनुष्य विसरत नाही; युरोपातील गणितज्ञांनाही हा संक्षेप सुचावयास बराच काळ लागला होता, आणि आज आपण वापरतो त्या पद्धतीने आकडा वर चढवून लिहिण्याची रीत रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या १६३७ सालच्या भूमितीवरील ग्रंथाने रूढ केली. त्या ग्रंथातही वर्ग लिहिताना तो बहुधा तेच अक्षर दोनदा लिहीत असे.

येथे एका सूक्ष्म गोष्टीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे, कारण पाठ्यपुस्तकाबाहेर बोलताना बहुतेक सर्वजण या ठिकाणी घसरतात. ‘दोनाचा पाचवा घात म्हणजे दोनाला दोनाने पाच वेळा गुणणे’ असे आपण सहज म्हणून जातो. परंतु एखाद्या प्रामाणिक मुलाने ही आज्ञा अक्षरशः पाळली, तर तो दोनापासून निघेल, पाच वेळा दुप्पट करील आणि चौसष्टावर पोचेल. साखळीत दोन पाच असतात, पण त्यांच्यामधील गुणाकाराची चिन्हे चारच असतात. हा घोटाळा टाळण्याचा निर्दोष मार्ग म्हणजे आरंभ एकापासून करणे: एक घ्या आणि त्याला दोनाने पाच वेळा गुणा. एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. आता गुणाकाराच्या क्रिया बरोबर पाच झाल्या, घातांकही पाच, आणि मोजदादीत कोठेही तफावत राहिली नाही. हा एक वरकरणी निरर्थक भासतो, कारण एकाने गुणल्याने काहीच बदलत नाही. तथापि पुढे शून्य घातांक शिकविण्याची वेळ येईल तेव्हा हाच एक शिक्षकाची अब्रू राखतो.

घातांकाचे नियम शिकविण्यासाठी मला आपल्या जुन्या धान्यमापांच्या कोष्टकाइतके उत्तम साधन दुसरे आढळलेले नाही. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान मापे टप्प्याटप्प्याने प्रचारात आली आणि शेर-पायलीचा कारभार सरकारी दप्तरांतून निघून गेला, तरी खेड्यापाड्यांतील घरांत चिपटे, मापटे, पायली हे शब्द अद्याप कानावर पडतात, आणि आजीच्या माळ्यावर एखादे पितळी मापटेही सापडते. कैली मापांची धारणा प्रांतोप्रांती भिन्न असे, मण कोठे बारा पायल्यांचा तर कोठे सोळा पायल्यांचा. पण सोळा पायल्यांच्या मणाचे जे कोष्टक प्रचलित होते ते असे: दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली, दोन अधोल्यांची एक पायली, आणि सोळा पायल्यांचा एक मण. पायलीपर्यंत प्रत्येक पायरीवर दुप्पट, त्याहून वेगळे काही नाही.

विद्यार्थ्याने वहीत ही नावे एकाखाली एक लिहावीत आणि प्रत्येकासमोर त्यात निळवी किती हे लिहावे. निळव्यात एक, कोळव्यात दोन, चिपट्यात चार, मापट्यात आठ, शेरात सोळा, अधोलीत बत्तीस, पायलीत चौसष्ट. मग तिसरा रकाना आखून त्यात निळव्यापासून त्या मापापर्यंत येण्यासाठी किती वेळा दुप्पट करावी लागली तो आकडा भरावा: निळव्यासमोर शून्य, कोळव्यासमोर एक, चिपट्यासमोर दोन, मापट्यासमोर तीन, शेरासमोर चार, अधोलीसमोर पाच, पायलीसमोर सहा. हा तिसरा रकाना म्हणजेच घातांकांचा रकाना. तो भरून होताच निळव्यासमोरच्या ओळीकडे मुलाचे लक्ष आपोआप जाते: दुप्पट एकदाही केलेली नाही, घातांक शून्य, आणि संख्या एक. दोनाचा शून्यावा घात एक का, या प्रश्नावर वर्गात जी झटापट होते ती येथे होतच नाही, कारण उत्तर कोष्टकातच भरलेले असते. शून्य वेळा दुप्पट केल्याने निळवे नाहीसे होत नाही. ते होते तसे एक निळवे राहते.

आता मणाकडे वळावे. मणात सोळा पायल्या, म्हणजे पायलीपासून मणापर्यंत आणखी चार दुपटी. पायलीच्या सहा आणि या चार मिळून दहा; तेव्हा मणात दोनाच्या दहाव्या घाताइतकी, म्हणजे १०२४ निळवी. चौसष्टाला सोळाने गुणून हाच आकडा येतो का, याचा ताळा मुलाने स्वतः करून पाहावा. समान पायाच्या घातांकित संख्यांचा गुणाकार करताना घातांकांची बेरीज करावी, हा नियम पुस्तकात अक्षरांच्या साहाय्याने एका ओळीत छापलेला असतो. पण सहा दुपटी केल्यावर आणखी चार केल्या तर एकूण दहा झाल्या, एवढाच त्याचा सारा आशय आहे, आणि हे ज्याने मापांवर पाहिले त्याला बेरीज करावी की गुणाकार, असा संभ्रम परीक्षेच्या दालनातही पडत नाही.

भागाकाराचा नियमही याच दप्तरात मिळतो. पायलीत मापटी किती? पायलीचा घातांक सहा, मापट्याचा तीन, वजाबाकी तीन, म्हणून दोनाचा तिसरा घात, आठ. मणात चिपटी किती? दहा वजा दोन, आठ. म्हणून दोनाचा आठवा घात, २५६. यानंतर मुद्दाम एक विक्षिप्त वाटणारा प्रश्न विचारावा: पायलीत पायल्या किती? मुले हसतील आणि एक असे उत्तर देतील. मग कोष्टकानेच ते उत्तर काढावयास सांगावे. सहा वजा सहा शून्य, म्हणजे दोनाचा शून्यावा घात, आणि उत्तर तर एक हे आधीच मान्य झालेले. त्याच्यापुढचा प्रश्न उलट दिशेचा: मापटे म्हणजे किती पायल्या? तीन वजा सहा, उणे तीन. मापटे पायलीचा आठवा हिस्सा आहे हे कोष्टकावरून दिसतेच आहे. तेव्हा दोनाचा उणे तीनावा घात म्हणजे एक अष्टमांश, हे मुलाच्या पदरात कोणत्याही व्याख्येवाचून पडते. उणे घातांक म्हणजे उणे संख्या, हा जो दृढ गैरसमज पुष्कळ मुलांच्या मनात वर्षानुवर्षे टिकून राहतो, त्यावर याहून खात्रीचा उपाय मला ठाऊक नाही. उणे चिन्ह येथे फक्त दिशा दाखविते: दुपटी करीत वर चढण्याऐवजी निम्मे करीत खाली उतरावयाचे.

हीच गोष्ट अधिक उठावदार करावयाची असल्यास शेराला मध्यस्थानी बसवून कोष्टक पुन्हा लिहावे. शेर म्हणजे एक, घातांक शून्य. वर अधोली एक, पायली दोन, मण सहा. खाली मापटे उणे एक, चिपटे उणे दोन, कोळवे उणे तीन, निळवे उणे चार. मिखाएल श्टिफेल या जर्मन गणितज्ञाने १५४४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अरिथ्मेटिका इंटेग्रा’ या ग्रंथात नेमके असेच कोष्टक दिले आहे: खालच्या ओळीत एक अष्टमांशापासून दुपटीदुपटीने चौसष्टपर्यंतच्या संख्या, आणि वरच्या ओळीत उणे तीनापासून सहापर्यंतचे आकडे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर त्याची ओळ कोळव्यापासून मणापर्यंतची होय. खालच्या ओळीतील गुणाकार वरच्या ओळीत बेरीज होतो आणि भागाकार वजाबाकी होतो, हे त्याने त्याच कोष्टकावरून दाखविले. पुढे लॉगरिदमची जी कोष्टके निघाली त्यांचे बीज याच निरीक्षणात आहे.

कोष्टक संपविण्यापूर्वी खंडीचा उल्लेख विसरू नये. खंडी वीस मणांची, आणि वीस ही संख्या दोनाचा घात नव्हे. तिच्यात दोन दोनदा आणि पाच एकदा आहे. त्यामुळे खंडीतील निळवी सांगताना दोनाचा बारावा घात गुणिले पाच, म्हणजे २०,४८०, असे सांगावे लागते, आणि त्या पाचाला दोनाच्या मोजदादीत कोठेही जागा मिळत नाही. पाया भिन्न असेल तर घातांक एकत्र करता येत नाहीत, हे विद्यार्थ्याला येथे स्वतःच्या अडचणीतून कळते. जुन्या रुपयाचा तपशीलही त्याला असाच उकलावयास द्यावा: रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. रुपयाच्या पै १९२, म्हणजे दोनाचा सहावा घात गुणिले तीन. तोळ्याचे बारा मासे आणि माशाच्या आठ गुंजा यांचा हिशेब मुलाने कोणाच्या मदतीवाचून करावा.

घाताचा घात, म्हणजे घातांकित संख्येलाच पुन्हा घात देणे, हा प्रकार मापांवर नीट उमटत नाही. त्यासाठी मराठीच्या तासाकडे जावे, असा माझा आग्रह आहे, कारण वृत्तांचा अभ्यास आणि घातांकांचा अभ्यास हे दोन विषय शाळेच्या वेळापत्रकाने निष्कारण एकमेकांपासून तोडले आहेत. अक्षरगणवृत्तात प्रत्येक अक्षर लघू असते किंवा गुरू असते. तिसरा पर्याय नाही. एका अक्षराचे दोन प्रकार. दुसरे अक्षर जोडले की या प्रत्येक प्रकाराचे पुन्हा दोन, म्हणजे चार. तिसरे जोडले की आठ. तीन अक्षरांचा एक गण होतो आणि गण आठच का, याचे उत्तर दोनाचा तिसरा घात आठ येतो, एवढेच आहे: य, र, त, न, भ, ज, स, म. येथे गुणाकार कोठून उगवतो तेही विद्यार्थ्याला दिसते; आधीच्या प्रत्येक पर्यायाला नव्या अक्षराचे दोन्ही पर्याय लागू पडतात, म्हणून दर खेपेस दुप्पट होते. मुलांकडून हे आठही गण लघू-गुरूंच्या खुणांनी फळ्यावर मांडून घ्यावेत. एखादा राहिला किंवा एखादा दोनदा आला, तर आठाचा आकडाच त्यांना तो दोष दाखवून देईल.

आता भुजंगप्रयात घ्यावे. त्याच्या चरणात चार य गण, म्हणजे बारा अक्षरे. बारा अक्षरांच्या चरणाच्या लघू-गुरूंच्या एकूण रचना किती संभवतात, हे दोन मार्गांनी मोजता येते. अक्षरे धरून मोजले तर दोन बारा वेळा, म्हणजे दोनाचा बारावा घात. गण धरून मोजले तर गणाच्या चार जागा आणि प्रत्येक जागी आठ गणांपैकी कोणताही, म्हणजे आठाचा चौथा घात. मोजावयाची वस्तू तीच असल्यामुळे उत्तर भिन्न येऊ शकत नाही: दोन्हीकडे ४०९६. आठ हा स्वतः दोनाचा तिसरा घात, त्याचा चौथा घात घेतला, आणि तीनचोक बारा. घातांकांचा गुणाकार केव्हा करावयाचा, हे ज्याला कळत नाही त्याला हे चार गण मांडून दाखवावेत: प्रत्येक गणात तीन अक्षरे, असे चार गण, अक्षरे एकूण बारा. शार्दूलविक्रीडिताच्या चरणात सहा गण आणि वर एक अक्षर, मिळून एकोणीस अक्षरे असतात. तेथील रचनांची संख्या मुलाने काढली की ती ५,२४,२८८ येते, आणि एवढ्या रचनांतून कवींच्या कानांनी हीच एक निवडून शतकानुशतके जतन केली, ही गोष्ट मराठीच्या शिक्षकाने त्याच वेळी सांगितली तर दोन्ही तासांचे सार्थक होईल.

वृत्तांच्या या मोजणीसाठी आपल्या प्राचीन छंदःशास्त्रात एक विलक्षण युक्ती सांगितलेली आहे. पिंगलाच्या सूत्रांत ती अत्यंत संक्षिप्त रूपात येते आणि दहाव्या शतकातील हलायुधाच्या टीकेत तिचा उलगडा केलेला आहे. अक्षरसंख्या सम असेल तर तिचे निम्मे करा, विषम असेल तर तीतून एक वजा करा, आणि शून्य होईपर्यंत हे चालवून प्रत्येक पायरीची नोंद ठेवा. मग एकापासून आरंभ करून त्या नोंदी शेवटाकडून आरंभाकडे वाचीत जा: जेथे एक वजा केला होता तेथे दुप्पट करा, जेथे निम्मे केले होते तेथे वर्ग करा. बाराचे निम्मे सहा, सहाचे निम्मे तीन, तीनातून एक जाऊन दोन, दोनाचे निम्मे एक, एकातून एक जाऊन शून्य. आता उलट: एकाची दुप्पट दोन, त्याचा वर्ग चार, त्याची दुप्पट आठ, आठाचा वर्ग चौसष्ट, चौसष्टाचा वर्ग ४०९६. एकेक दुप्पट करीत जाणाऱ्याला बारा क्रिया लागल्या असत्या, येथे पाच पुरल्या. आजची गणकयंत्रे प्रचंड घात काढताना याच तत्त्वाचा अवलंब करतात. मुलांना ही रीत अतिशय आवडते. तिच्या आधारे तिनाचा दहावा घात वहीच्या चार ओळींत काढून दाखविण्याची स्पर्धा वर्गात लावावी. दुपटीच्या जागी तिप्पट करावयाची, एवढाच काय तो बदल.

चुकांविषयी थोडे लिहिणे प्राप्त आहे, कारण त्या ठरावीक आहेत. पाया आणि घातांक यांची अदलाबदल चालते, असा समज दोनाचा चौथा घात आणि चाराचा दुसरा घात हे दोन्ही सोळा येत असल्यामुळे बळावतो. तो मोडण्यास दोनाचा तिसरा घात आठ आणि तिनाचा दुसरा घात नऊ हे उदाहरण पुरेसे आहे. सोळाचे उदाहरण शिक्षकाने पहिल्या आठवड्यात फळ्यावर येऊच देऊ नये, हे उत्तम. दुसरी चूक बेरजेतली: दोनाचा तिसरा घात अधिक दोनाचा चौथा घात म्हणजे सातवा घात, असे मुले लिहितात; आठ आणि सोळा मिळून चोवीस होतात, आणि सातवा घात १२८ आहे, हे त्यांच्याच हातांनी काढवून घ्यावे. मापटे आणि शेर एकाच पोत्यात ओतल्याने कोणतेही नवे माप तयार होत नाही. कंसाबाबत मात्र शिक्षकाने विशेष जागरूक असावे. कंसात उणे तीन लिहून बाहेर दोन हा घातांक दिला तर उणे तीन दोनदा येतो आणि उत्तर अधिक नऊ. कंस नसेल तर घातांकाची सत्ता केवळ तिनावर चालते, उणे चिन्ह बाहेर राहते आणि उत्तर उणे नऊ. तसेच गुणाकाराच्या कंसावरील घातांक आतील प्रत्येक गुणकाला पोचतो: दोन गुणिले पाच यांचा तिसरा घात आठ गुणिले एकशे पंचवीस, म्हणजे हजार. बेरजेच्या कंसाला हे लागू नाही. तीन अधिक चार यांचा वर्ग एकोणपन्नास आहे, आणि वर्गांची बेरीज पंचवीस. या एका चुकीपायी आठवी-नववीच्या बीजगणितात जेवढे गुण वाया जातात तेवढे दुसऱ्या कोणत्याही कारणाने जात नसावेत. पाया शून्य असताना शून्य किंवा उणे घातांक देऊ नये, एवढे या वयात सांगून थांबावे. शून्याने भागता येत नाही, हे कारण मुलांना आधीपासून माहीत असते.

पाया पूर्णांक नसला तरी मोजदादीचे तत्त्व बदलत नाही, आणि हे दाखविण्यास चक्रवाढ व्याजासारखा दाखला नाही. दरसाल दर शेकडा दहा या दराने हजार रुपये मुद्दल ठेवले, तर एका वर्षाने रास अकराशे होते, म्हणजे मूळ रकमेची एक दशांश एक पट. दुसऱ्या वर्षी अकराशेची तितकीच पट, बाराशे दहा. तिसऱ्या वर्षी तेराशे एकतीस. प्रत्येक वर्ष म्हणजे त्याच संख्येने आणखी एक गुणाकार, आणि वर्षांची संख्या म्हणजेच घातांक. सरळव्याजाने ही रास वीस वर्षांत तीन हजार होईल. चक्रवाढीने ती ६७२७ रुपये ५० पैशांवर जाते. पहिल्या वर्षी दोन्ही रकमा अगदी समान असतात, दुसऱ्या वर्षी फरक अवघा दहा रुपयांचा असतो, आणि याच कारणाने खत लिहून देणाऱ्या ऋणकोच्या लक्षात त्या वेळी काहीच येत नसे. मागील काळी आपल्याकडे दामदुपटीचा जो दंडक होता, की एका वेळी वसूल करावयाचे थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, त्यामागे वारंवार गुणाकाराच्या या वाढीचाच कटू अनुभव उभा होता. मुलाला विचारावे, दहा टक्के चक्रवाढीने मुद्दल दुप्पट होण्यास किती वर्षे लागतील? तो वर्षावर वर्ष गुणीत जाईल आणि सातव्या वर्षी १९४८ रुपयांवर व आठव्या वर्षी २१४३ रुपयांवर पोचेल. मोठा झाल्यावर कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी ही बेरीज-गुणाकाराची तफावत त्याला आठवली, तर त्याच्या संसाराला तिचा फार मोठा आधार होईल.

दहाच्या घातांना अखेरचे स्थान द्यावे, कारण ते सर्वांत सोपे दिसतात आणि त्यामुळेच पोकळ समजुतीवर भागून जाते. दहाचा सहावा घात म्हणजे एकावर सहा शून्ये, इतके सांगून मुले पुढे धावतात. त्यांना थांबवून ३४०७ ही संख्या तीन गुणिले दहाचा तिसरा घात, चार गुणिले दुसरा घात, शून्य गुणिले पहिला घात आणि सात गुणिले शून्यावा घात, अशी विस्ताराने लिहावयास सांगावी. पहिलीपासून जी स्थाने ती एकक, दशक, शतक म्हणून ओळखीत आली ती घातांकांची शिडी होती, हे त्यांना यावरून उमगते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’च्या आरंभी, शके १०७२ मध्ये, एकापासून परार्धापर्यंत अशा अठरा स्थानांची नावे दहापटीच्या क्रमाने दिलेली आहेत, आणि अठरावे स्थान जे परार्ध त्याचा घातांक मात्र सतरा येतो. असे का, हे मुलांना विचारावे. ज्याने निळव्यासमोर शून्य लिहिले होते तो उत्तर देईल की मोजणीचा आरंभ शून्यापासून होतो.

मोठ्या संख्यांचा अंदाज बांधण्यासाठी एक गोष्ट पाठ करून ठेवण्याजोगी आहे: दोनाचा दहावा घात १०२४, म्हणजे जवळजवळ दहाचा तिसरा घात. अनुकूल स्थितीत काही जिवाणूंची संख्या दर वीस मिनिटांनी दुप्पट होते. तेव्हा एका जिवाणूपासून दहा तासांत तीस दुपटी होतील. दोनाचा तिसावा घात म्हणजे दहाव्या घाताचा तिसरा घात, म्हणजे हजाराचा तिसरा घात, म्हणजे सुमारे शंभर कोटी, असे मुलगा तोंडी सांगू शकतो. प्रत्यक्ष आकडा १,०७,३७,४१,८२४ आहे. सकाळी शिजविलेले अन्न उन्हाळ्याच्या दिवसांत संध्याकाळी का नासते, हेही आरोग्यशास्त्राच्या तासाला वेगळे सांगावे लागत नाही.

आणि सूर्याचे उदाहरण अवश्य द्यावे. सूर्य पृथ्वीपासून सुमारे पंधरा कोटी किलोमीटर अंतरावर आहे, म्हणजे मीटरांत दीड गुणिले दहाचा अकरावा घात. प्रकाश दर सेकंदाला सुमारे तीन गुणिले दहाचा आठवा घात इतके मीटर अंतर कापतो. प्रकाशाला किती वेळ लागतो, हे काढण्यासाठी शून्यांच्या रांगा मांडण्याची गरज नाही: दीडाला तिनाने भागून अर्धा, अकरातून आठ वजा करून तीन, अर्धा गुणिले हजार, म्हणजे पाचशे सेकंद. साठाने भागून ती मिनिटे मुलाने स्वतः काढावीत, आणि आठ मिनिटे वीस सेकंद हे उत्तर आले की त्याला तोच हिशेब सर्व शून्ये पुरी लिहून एकदा करावयास लावून दोन्ही उत्तरांचा ताळा जमवून घ्यावा.